गार भिंतीचं घर

भाड्याचं घर बघायला जायची आबांची वेळ ठरलेली असायची. दुपारी दोन, आणि तीही चैत्र-वैशाखातली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं, घरमालक जेवून आडवे झालेले असायचे, आणि आमचे आबा डोक्याला ओला रुमाल गुंडाळून त्यांचं दार वाजवायचे. खोल्या किती, नळाला पाणी किती वेळ येतं, मोरी कुठे, हे सगळं ते आईला विचारू द्यायचे. स्वतः सरळ पश्चिमेच्या भिंतीकडे जायचे आणि तिला तळहात टेकवून उभे राहायचे. भिंत तापलेली लागली की "बरं, कळवतो" म्हणून बाहेर पडायचे. गार लागली की तिथेच भाड्याची बोलणी सुरू.

आई अहिराणीत बोलायची, शेवटपर्यंत. ती म्हणायची, "यास्नं ध्यान भिंतमा, मनं नळमा." म्हणजे यांचं लक्ष भिंतीत, माझं नळात. आबा सरकारी कचेरीत लागल्यापासून शहरी बोलायला लागले होते. अहिराणी त्यांच्या तोंडून निघायची ती फक्त फार राग आला किंवा फार वाईट वाटलं तरच.

नोकरी बदलीची. चाळीसगाव झालं, जामनेर झालं, मग धुळे, मग जळगाव. गावात कारकुनाला परवडेल असं भाडं कधीच नसतं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आम्ही गावाच्या कडेला. रस्ता अजून झालेला नाही, दिव्याचे खांब उभे पण दिवे नाहीत, पलीकडे कपाशी, अशा कॉलन्यांत माझं बालपण गेलं. पण एक सांगते, आमचं एकही घर उन्हाळ्यात तापलं नाही. धुळ्याला शेजारचे लोक रात्री अंगणात पाणी मारून खाटा टाकायचे आणि आम्ही घरात पंख्याखाली खुशाल झोपायचो. आबांचं नाव झालं होतं. कचेरीतले लोक घर घ्यायचं असलं की त्यांना सोबत न्यायचे आणि आबा तळहात घेऊन जायचे. डॉक्टर जशी बॅग नेतो तसे.

निवृत्तीच्या पैशात त्यांनी जळगावला, नशिराबादच्या अलीकडे, स्वतःचं घर बांधलं. आयुष्यभराचं शहाणपण त्यात ओतलं. पश्चिमेची भिंत दीड विटेची आणि तिला एकही खिडकी नाही. गवंड्यानं विचारलं, "भाऊ, एक झरोका तरी?" आबा म्हणाले, झरोक्यातनं वैशाख आत येतो. त्या भिंतीला लागून मागची खोली. तिच्या एका अंगाला शेजाऱ्यांची भिंत, दुसऱ्या अंगाला जिना. भर दुपारी तिथे दिवा लावल्याशिवाय पेपर वाचता यायचा नाही, पण बाहेर चव्वेचाळीसचा पारा असताना आत पातळ चादर घ्यावीशी वाटायची. पाहुण्यांना आधी ती खोली दाखवली जायची, मग चहा.

आई आजारी पडली तेव्हा आबांनी तिचा पलंग त्या खोलीत लावला. चैत्रात ती अंथरुणाला खिळली आणि कार्तिकात गेली. माझं सासर धुळ्याचं, मी तिथल्या एका शाळेत शिकवायचे आणि रविवारी जळगावला यायचे. घरातली सगळ्यात चांगली खोली आईला मिळाली आहे याचं मलाही बरं वाटायचं.

आई गेल्यावर आबा एकटे राहिले. मी एकुलती एक. आणि त्याच सुमाराला नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली. चांगली नोकरी होती, नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. मला मात्र रात्री झोप लागेना. आबांना असं एकटं टाकून जायचं कसं? शेवटी मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "घर असं घे की आबा तिथे येऊन राहतील. नाहीतर तू जा, मी इथेच आहे."

आबांसमोर विषय काढला तर ते म्हणाले, "लेकीच्या घरी राहायचं? भाऊबंद काय म्हणतील?" आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आबा तेवढे जुने नव्हते, पण घरजावयासारखं घरबाप होणं त्यांना पटत नव्हतं. आठवडा असाच गेला. मग एका सकाळी दाढी करता करता त्यांनी स्वतःच वाट काढली.

"घर भाड्याचं असेल ना?"

"भाड्याचंच."

"मग ते लेकीचं कुठे झालं? ते मालकाचं. आणि निवडायचं मी. मी निवडलेल्या भाड्याच्या घरात आजवर तू राहिलीस, आता मी राहीन. यात कोण काय म्हणणार?"

एवढं बोलून त्यांनी तोंड धुतलं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

नवरा मार्चमध्ये पुढे गेला. कंपनीनं दिलेल्या खोलीत राहून तो रविवारी घरं बघत फिरायचा आणि आम्ही जळगावला खाटेवर बसून फोनवर ती बघायचो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते आम्ही शब्दशः केलं, फक्त उंटाच्या जागी कूलर होता. शहरातलं भाडं ऐकून आबांनी हातच जोडले. म्हणाले, "कडेला जा. रेल्वेची लाइन धर आणि एकेक स्टेशन बाहेर जा, भाडं उतरत जाईल." हे मात्र अगदी खरं निघालं. चाळीसगाव असो की जर्मनी, भाड्याचा नियम एकच. चार-पाच स्टेशनं गेल्यावर आमच्या ऐपतीतली लहान लहान गावं लागायला लागली. एक चर्च, एक बेकरी, एक दवाखाना, आणि रस्ते इतके स्वच्छ की त्यावरून चालताना आपणच मळके वाटावं.

तीन घरं उरली. पहिलं स्टेशनाशेजारी, वरच्या मजल्यावर. दक्षिणेला भिंतच नव्हती, सगळी काच. नवऱ्यानं फोन फिरवला तर खोलीभर ऊन पसरलेलं. आबा मागे सरले. "काचेचं घर? भाजून निघाल. तिथे केळीसुद्धा पिकतील दोन दिवसांत." दुसरं बरं होतं, पण त्याच्या पश्चिमेला मोठी खिडकी होती, म्हणजे बादच.

तिसरं तळमजल्यावर. तोंड उत्तरेला, जुन्या दगडाच्या जाड भिंती, हातभर खिडक्या, समोर देवदाराच्या जातीचं भलंमोठं झाड. मागच्या बाजूला टेकडी. आबा खाटेवर पुढे सरकून बसले.

"जावईबापू, पश्चिम कुठली?"

नवऱ्यानं दाखवली.

"हात लावा भिंतीला."

त्यानं लावला.

"कशी आहे?"

"गार आहे आबा. चांगलीच गार आहे."

"केळीच्या बागेत शिरल्यासारखं वाटतंय का?"

"हो, अगदी तसंच."

आबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. भाडं विचारलं तर ते त्या काचेच्या घराच्या निम्म्याहून थोडंसंच वर. मी म्हटलं, एवढं स्वस्त का? आबा म्हणाले, "त्या लोकांना कळत नाही गं. सावलीचं घर स्वस्तात देतात आणि उन्हाच्या घराला जास्त घेतात. वेडी माणसं आहेत."

बाहेर जळगाव तापलं होतं. दाराची कडी हाताला भाजत होती. त्या दुपारी आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. नवरा धुळ्याचा, तोही उन्हात वाढलेला. आपल्याकडे सावली जास्त झाली म्हणून कुणी कधी मेलेलं ऐकलं आहे का? घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायची. सत्तरीची, उंच, कमी बोलणारी बाई. किल्ली देताना तिनं नवऱ्याला विचारलं होतं, "हिवाळ्यात इथे राहून बघितलं आहे का तुम्ही?" त्याला वाटलं, ती थंडीबद्दल विचारतेय. त्यानं सांगितलं, स्वेटर घेतलेत.

मी जुलैत गेले. तिकडचा जुलै म्हणजे आपल्याला फसवायलाच ठेवलेला महिना. रात्री नऊ वाजले तरी बाहेर उजेड, आणि घरात छान गारवा. मी झाडाखाली खुर्ची टाकून आबांना फोन करायचे. ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, "बघा, हे मी निवडलं, इथे बसून." गल्लीत त्यांचा भाव वधारला. नशिराबादच्या एकानं तर पोराला कॅनडात घर घ्यायचं म्हणून त्यांचा सल्ला घेतला. त्याला त्यांनी काय सांगितलं असेल ते मला विचारायचं धाडस झालं नाही.

सप्टेंबरात ऊन टेकडीमागे जायला लागलं. ऑक्टोबरात ते घराकडे फिरकेनासं झालं. नोव्हेंबरात सकाळी आठला दिवा लावायचा आणि संध्याकाळी चारला पुन्हा लावायचा, आणि मधल्या वेळातही तो विझवावा असं वाटायचं नाही. नवरा अंधारात जायचा, अंधारात यायचा. मी दिवसभर घरात. भाषा येत नव्हती, काम नव्हतं. कपाटामागची भिंत काळी पडायला लागली. आधी ठिपके, मग डाग. मालकिणीनं सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडा, बाहेर बर्फ असला तरी. मी उघडायचे. थंडी आत यायची, बुरशी बाहेर जायची नाही. मी रडायला लागले. कशासाठी ते सांगता यायचं नाही. भाकरी थापताना, भांडी पुसताना, काही कारण नसताना. जवळच्या बेकरीत गेले की तिथल्या दिव्याखाली उगाच उभी राहायचे आणि नको असलेला पाव घेऊन परत यायचे.

आबांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांना फोन करताना टेबलावरचा दिवा तोंडासमोर ओढून घ्यायचे. ते म्हणायचे, "गोरी झालीस गं."

आईचं वर्षश्राद्ध झाल्याशिवाय ते निघणार नव्हते. ते उरकून ते डिसेंबरात आले. विमानतळावर त्यांच्या अंगावर आईनं विणलेला स्वेटर, त्यावर नवा कोट, कानटोपी आणि खांद्याला शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "घर किती लांब आहे?" रेल्वेतून ते स्टेशनं मोजत आले. आमचं स्टेशन आलं तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते आणि काळोख पडला होता.

"एवढा उशीर झाला का?" ते म्हणाले.

"नाही आबा, इथे असंच."

घरात शिरल्यावर त्यांनी बूट काढले, मोजे काढले नाहीत. मी सगळ्या खोल्यांतले दिवे आधीच लावून ठेवले होते. ते मधल्या खोलीतून सरळ पश्चिमेच्या भिंतीकडे गेले. मला वाटलं होतं ते उद्या जातील. त्यांनी तळहात टेकवला. नेहमी ते हात टेकवून थोडा वेळ थांबायचे. या वेळी त्यांनी लगेच काढला आणि दिव्याखाली धरून पाहिला. हात ओला झाला होता.

"घाम येतो काय हिला?"

"हिवाळ्यात येतो," नवरा म्हणाला.

आबांनी हात कोटाला पुसला आणि जेवायला बसले.

मला वाटलं होतं ते आल्यावर घर बदलेल. बदललं, पण वेगळ्या तऱ्हेनं. आधी मी एकटी विझत होते, आता आम्ही दोघं. पहिले काही दिवस त्यांनी धडपड केली. व्हिनेगर लावून फडक्यानं भिंत घासली, कपाट पुढे ओढलं, पंखा भिंतीकडे तोंड करून लावला. धुळ्याच्या घरात त्यांनी ढेकणांवर असाच हल्ला केला होता. पण ढेकूण हरले होते. मग त्यांना एक शोध लागला. टेकडीची कड आणि शेजारचं छप्पर यांच्या मधल्या फटीतून, आभाळ मोकळं असलं तर, दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ थोडंसं ऊन यायचं. भाकरीएवढं. आबा जेवण आटोपून तिथे जाऊन उभे राहायचे. ऊन सरकलं की तेही सरकायचे. ज्या माणसानं जन्मभर उन्हाकडे पाठ केली तो माझ्या डोळ्यांदेखत ओट्याला टेकून उन्हाची वाट बघत होता. मला ते बघवायचं नाही. मी भांडी घासायचा बहाणा करून पाठ फिरवायचे.

मग ढग आले. आठवडा गेला, दुसरा गेला, ऊन नाही. आबांनी उभं राहणं सोडलं. ते त्यांच्या खोलीत पलंगावर पडून राहायला लागले, भिंतीकडे तोंड करून. जेवण कमी झालं. बोलणं त्याहून कमी. मी चिडले. माझा स्वभाव असा, काळजी वाटली की आधी राग येतो.

"आबा, उठा. कोट घाला, बाहेर फिरून येऊ. असं पडून राहून काय होणार?"

"बाहेर तरी काय आहे?"

"घरात तरी काय आहे? हेच निवडलं होतं ना आपण?"

त्यांनी चादर वर ओढली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तुझी आई..." आणि थांबले. मी वाट पाहिली. त्यांनी कूस बदलली. मी चहा करायला गेले.

संक्रांतीनंतर ते म्हणाले, "मला जळगावला जाऊ दे." व्हिसा अजून शिल्लक होता. मी म्हटलं, मार्चपर्यंत थांबा, मार्चमध्ये दिवस मोठा होतो. ते म्हणाले, "मला तिकडे एक काम आहे." निवृत्त माणसाला जळगावात कसलं काम? मला वाटलं, हा बहाणा. मी त्यांना विमानात बसवून आले आणि रेल्वेत पूर्ण रस्ताभर रडले. समोरच्या बाईनं न बोलता मला रुमाल दिला.

त्याच दिवशी मी ठरवलं की हे घर सोडायचं. सोडायचं म्हणजे आबांना परत येता येईल असं घर मिळवायचं. आणि ते मी शोधलं, आबांच्याच पद्धतीनं, फक्त उलटं. ते वैशाखात दुपारी दोनला जायचे, मी जानेवारीत भर दुपारी जायला लागले. मालक मला भिंती दाखवायचे, मी जमीन बघायचे. एका घरात, अजून दोन स्टेशनं पुढच्या गावात, दुसऱ्या मजल्यावर, ऊन खिडकीतून आत येऊन थेट पलीकडच्या दारापर्यंत पसरलं होतं. मी खाली बसून फरशीला तळहात लावला. उबदार होती. मालक माझ्याकडे बघत राहिला. मी जागीच हो म्हटलं. भाडं जास्त होतं, नवऱ्याला रेल्वेत अजून अर्धा तास बसावं लागणार होतं. त्यानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. तोही त्या घरात वाळला होता.

मे महिन्यात मी जळगावला आले, आबांना न्यायला. फोनवर काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, समोर बसून सांगावं. दुपारी घरी पोचले तेव्हा झळा सुरू झाल्या होत्या. ओट्यावर शेजारच्या अक्का भेटल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, आबाकडे बघ जरा. भर उन्हाळ्यात भिंत फोडी ऱ्हायनात. माणसाचं डोकं ठिकाणावर शे ना?"

मला काही कळलं नाही. आत गेले. आबा कूलरसमोर बसले होते, वाळलेले, पण डोळ्यांत जान होती. मी पाणी प्यायले, ते कसे आहेत विचारलं आणि राहवेना म्हणून लगेच फोन काढून नव्या घराचे फोटो दाखवले.

ते एकेक फोटो बराच वेळ बघत होते.

"ऊन कुठपर्यंत येतं?"

"पार दारापर्यंत. हिवाळ्यात जास्त आत येतं. मी स्वतः बघितलं."

"हात लावला?"

"लावला. फरशीला."

त्यांनी मान हलवली. कचेरीतल्या कुणी त्यांच्या मनासारखं घर निवडलं की ते अशीच मान हलवायचे. "चांगलं आहे. भाडं जास्त असू दे. सोडू नको."

"तुमची खोली हीच, ऊन येते ती. तिकिटं काढू ना?"

आबा उठले. "ये," म्हणाले आणि मागच्या खोलीकडे निघाले.

दार उघडल्यावर मी डोळ्यांवर हात घेतला. त्या खोलीत मी जन्मात कधी ऊन पाहिलं नव्हतं. पश्चिमेच्या दीड विटेच्या भिंतीला मोठी खिडकी पाडली होती. चौकट नवी, भोवतीचा गिलावा अजून रंगवलेला नाही. चार वाजले होते आणि सूर्य सरळ आत येत होता. आईचा पलंग त्यांनी खिडकीखाली सरकवला होता. वर स्वच्छ चादर. ऊन चादरीवर पडलं होतं. खोली भट्टीसारखी तापली होती.

"हे काय केलंत आबा?"

ते पलंगाच्या कडेला बसले.

"ती म्हणायची, 'जरासं उघाडा ना, माले उजेड देखना शे.' उन्हाळ्यात म्हणाली, तर मी म्हटलं, बाहेर ओट्यावर नेलं तर झळा लागतील. पावसात म्हणाली, तर म्हटलं, ओल आहे, मच्छर आहेत. दिवाळीत म्हणाली, तेव्हा म्हटलं, बरी हो, मग ओट्यावरच बस दिवसभर." त्यांनी चादरीवरची एक सुरकुती सारखी केली. "मला वाटायचं, एवढी चांगली खोली, हिला काय कमी आहे?"

"तिला गार वाटावं म्हणूनच ना..."

"तुझ्या तिकडच्या घरात पडल्या पडल्या कळलं मला, ती काय मागत होती. मला एक हिवाळा पुरता काढता आला नाही. तिनं उन्हाळा काढला, पावसाळा काढला, आणि मी रोज सकाळी या भिंतीला हात लावून म्हणायचो, बघ कशी गार आहे."

मी त्यांच्याशेजारी बसले. पाठीतून घाम वाहत होता. बाहेरून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज त्या नव्या खिडकीतून सरळ येत होता. पूर्वी या खोलीत तो कधी ऐकू आला नव्हता.

"आबा, तुम्ही चला," मी म्हटलं. "तिथेही ऊन आहे आता. तुमच्यासाठीच शोधलं मी."

"कळतं मला."

"मग?"

ते खिडकीकडे बघत होते. "मी तिकडे जायचं, तुझ्या उन्हात बसायचं. आणि ही खिडकी लावून घ्यायची, घराला कुलूप घालायचं." मग ते माझ्याकडे वळले. "आते परत अंधार करू का माय आठे?"

आठे म्हणजे इथे, आईच्या खोलीत. मी किती तयारी करून आले होते. औषधांचं, विम्याचं, मराठी मंडळाचं, तिकडच्या गणपतीचंसुद्धा. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. ते येणार नाहीत, हे मला त्या पलंगावर बसल्या बसल्या कळलं. ते इथेच एकटे राहणार, रोज दुपारी या खोलीत येऊन बसणार, आणि एखाद्या उन्हाळ्यात मला फोन येणार. तो कोण करेल हेही मला माहीत होतं. अक्का करतील.

मी उठून कूलर ओढत त्या खोलीत आणला, वायर पुरत नव्हती म्हणून दुसरी जोडली. आबा नको म्हणाले नाहीत. मग आम्ही दोघं पलंगावर बसून राहिलो. ऊन चादरीवरून उतरलं, जमिनीवर आलं, भिंतीवर चढलं. सूर्य समोरच्या घरांच्या मागे गेल्यावर आबांनी सवयीनं हात पुढे केला आणि खिडकीखालच्या भिंतीला टेकवला. भिंत चांगलीच तापली होती. त्यांनी हात काढला नाही.